बिनशेंगदाण्याची सुशीला : किडनीच्या आजारातल्या एका लेकराच्या खाऊचं प्रकरण

सोन्या पहिल्यांदा माझ्यासमोर बसला तेव्हा त्याच्या मुठीत पाच रुपयांच्या खाऊची एक रिकामी पुडी होती. पुडी पूर्ण उलटी केलेली, चंदेरी बाजू बाहेर. मी आहारतज्ज्ञ म्हणून त्याच्या आईशी बोलत होते आणि तो पुडीच्या कोपऱ्यात साचलेला मसाला बोटाने काढून चाटत होता. आईचं लक्ष गेलं तशी तिने ती हिसकावली. "बाहेर पडलेली उचलली बघा, मॅडम. घरी आम्ही असलं काहीच देत नाही. मिठाचा कणसुद्धा देत नाही लेकराला."

मी वहीत 'बाहेरचे पदार्थ – कधीतरी' असं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. खरं तर त्याच्या आजाराची अर्धी गोष्ट त्या चाटण्यात होती. ती कळायला मला पुढच्या खेपेपर्यंत थांबावं लागलं.

सोन्या हे कागदावरचं नाव नाही, आजी हाक मारते ते आहे. घर औसा तालुक्यातलं. वडील तालुक्याच्या गावी किराणा दुकानात कामाला, आई घर सांभाळून रोजाने रानात जाणारी, आजी माळकरी. सोन्याचं वय तेव्हा सात पूर्ण, शाळेत दुसरीला. जन्मतःच मूत्रनलिकेत पडद्यासारखा अडथळा होता. मुलग्यांमध्येच आढळणारा हा दोष. मूत्राशयातून लघवी नीट बाहेर पडत नाही आणि आईच्या पोटात असल्यापासूनच किडन्यांवर मागून दाब येत राहतो. तो पडदा तान्हेपणी दुर्बिणीने कापला होता, पण तोवर किडन्यांचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

आमच्याकडे आला तेव्हा वजन १५.२ किलो, उंची १०८ सेंटिमीटर. शेजारच्या पाच वर्षांच्या मुलाएवढा दिसायचा. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, १.६. मोठ्या माणसाच्या रिपोर्टवर हा आकडा पाहून कुणी फारसं घाबरत नाही, मुलांचं गणित मात्र वेगळं असतं. किडनी किती गाळते हे काढायच्या, २००९ पासून वापरात असलेल्या सोप्या सूत्रात सेंटिमीटरमधल्या उंचीला ०.४१३ ने गुणायचं आणि क्रिएटिनिनने भागायचं. सोन्याचं उत्तर आलं २८, म्हणजे आजाराच्या पाचपैकी चौथा टप्पा. पोटॅशियम ५.९ आणि फॉस्फरस ६.१, दोन्ही जास्त; बायकार्बोनेट १७, सोडियम १३३, हिमोग्लोबिन ९.४, तिन्ही कमी. रक्तदाब ९२/५६. पाय सुजलेले नव्हते, तोंड सुजलेलं नव्हतं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठायचा आणि प्रत्येक वेळी तांब्याभर पाणी प्यायचा.

आईने पिशवीतून एक घडी पडून फाटत आलेला कागद काढला. एका मोठ्या दवाखान्यातून मिळालेला, 'किडनी रुग्णांसाठी आहार'. मीठ बंद. डाळ बंद. फळं बंद. दूध बंद. पाणी दिवसाला एक लिटर. कागद डायलिसिसवरच्या मोठ्या माणसासाठी छापलेला होता आणि कुणीतरी तो सात वर्षांच्या पोराच्या हातात ठेवला होता. ह्या बाईने तो वर्षभर शब्दशः पाळला होता. पाणी तेवढं तिला तोडता आलं नाही. "रडायचं ओ रात्री, मग देत होते चोरून." तिने चोरून पाजलेल्या त्या पाण्याने पोरगा वाचला असं माझं मत आहे.

पिशवीतल्या पुड्या

नव्या मुलाच्या घरच्यांना मी एक काम सांगते: पुढच्या खेपेला स्वयंपाकघरातल्या सगळ्या पुड्या, डबे, बाटल्या पिशवीत भरून आणा. आहाराची माहिती विचारली की लोक जे द्यायला हवं ते सांगतात, आणि पिशवीतून जे दिलं जातं ते बाहेर येतं. सोन्याच्या पिशवीत मसाल्याच्या पुड्या होत्या, पापडखार होता, गूळ होता आणि मिठाची एक वेगळी, महाग पुडी होती. वडिलांनी अभिमानाने सांगितलं, "हे लो सोडियमवालं आहे. साधं मीठ बंद म्हणले ना, मग म्हणलं लेकरू अगदीच अळणी कसं खाईल. दुकानातून कमी भावात मिळतंय मला."

मी ती पुडी उलटी करून घटकांची ओळ त्यांना वाचायला लावली. 'पोटॅशियम क्लोराइड'. साध्या मिठातलं काही सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम घालतात म्हणून ते लो सोडियम. रक्तदाबाच्या धडधाकट किडनीवाल्या माणसाला ते चालेल, पण ज्याच्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही त्याच्यासाठी हे वीस रुपये जास्त देऊन विकत आणलेलं संकट. वडील पुडीकडे बघत राहिले. दुकानात ते स्वतः लोकांना ती देत होते.

त्याच वेळी माझ्या डोक्यात पुडी चाटणारं बोट आलं. मी उठून बालमूत्रपिंड तज्ज्ञांच्या खोलीत गेले.

सोन्यासारख्या मुलांच्या किडन्या लघवी आटवू शकत नाहीत. लघवी भरपूर होते आणि तिच्यासोबत मीठही वाहून जातं. सूज नाही, रक्तदाब कमीच, सोडियम खालच्या बाजूला, तहान सारखी, आणि मिठाची अशी ओढ की पोरगं रस्त्यावरची पुडी उचलून चाटतं. ह्याचं मीठ तोडायचं नव्हतं, उलट पुरवायचं होतं. आणखी एक मेख होती. किडनीच्या नळीपर्यंत सोडियम पुरेसं पोचलं नाही की तिला पोटॅशियम बाहेर ढकलायलाही जड जातं. म्हणजे मीठ तोडून पोटॅशियम वाढवलं, वर लो सोडियमच्या पुडीने आणखी घातलं. डॉक्टरांनी साधं मीठ सुरू केलं, रक्तातली आम्लता उतरवायला सोडा बायकार्बच्या गोळ्या वाढवल्या, पाणी मोकळं केलं. पंधरा दिवसांत पोटॅशियम ५.२ वर आलं. मी अजून एकही पदार्थ सुचवला नव्हता.

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर कुणी हे वाचून उद्या मीठ वाढवेल. त्याच दिवशी बाकावर सोन्याशेजारी नेफ्रॉटिकची, म्हणजे लघवीतून प्रथिन वाहून जाणाऱ्या आजाराची, एक मुलगी बसली होती. डोळे सुजून बारीक झालेले, स्टेरॉइड चालू. तिला मीठ वाढवणं म्हणजे सूज वाढवणं. आजार 'किडनीचाच', बाक एकच, आणि मिठाचा सल्ला अगदी उलटा. तिच्या आईने सोन्याच्या आईला विचारलं, "तुम्हाला काय सांगितलं?" आणि मी धावत जाऊन मध्ये पडले.

किती कमी पडत होतं

तीन दिवसांचं खाणं मोजलं तेव्हा सोन्या दिवसाला साडेआठशे कॅलरीच्या आसपास खात होता. त्याच्या उंचीच्या मानाने त्याला तेराशे तरी हव्या होत्या. प्रथिनं पंधरा ग्रॅम जेमतेम. मोठ्यांच्या किडनीविकारात प्रथिनं कमी करण्याचा विचार होतो, पण वाढत्या मुलाची वयाप्रमाणे असलेली गरज कापायची नसते. कॅलरी कमी पडल्या तर शरीर स्वतःचे स्नायू जाळतं, युरिया वाढतो आणि उंची थांबते. म्हणून वरण परत आलं, दही परत आलं, दूध चहासकट दीड कप ठरलं. त्याहून जास्त दूध दिलं की फॉस्फरस हाताबाहेर जातो.

अंड्याचा पांढरा भाग अशा मुलांसाठी सोन्यासारखाच. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम उत्तम प्रथिन आणि फॉस्फरस नावालाच. तो सगळा पिवळ्यात. पण घर माळकरी. मी विषय काढला तसा आजींनी गळ्यातल्या माळेवर हात ठेवला, बोलल्या काहीच नाहीत. तोडगा वडिलांनी काढला. आठवड्यातून चारदा सोन्या संध्याकाळी सायकलवर पुढे बसून त्यांच्यासोबत स्टँडवरच्या गाड्यावर जातो, उकडलेलं अंडं घेतात, पांढरं पोरगा खातो, पिवळं बाप. घरात भांडं बाटलं नाही.

जेवणं अशी मार्गी लागली तरी तीन-साडेतीनशे कॅलरी उरतच होत्या. त्या जेवणात बसेनात. रक्तात युरिया वाढला की तोंडाची चव जाते, सकाळी मळमळतं, भरलेलं ताट बघूनच पोरं तोंड फिरवतात. मोठं जेवण वाढवून उपयोग नाही. उरले दोन वेळा: शाळेची मधली सुट्टी आणि चार वाजता घरी आल्यावर. तेव्हा सोन्याला भूक असायची, पण ती भूक पुडीची होती.

तीन फसलेले प्रयोग

पहिला प्रयोग डब्यातल्या पावडरीचा. किडनीच्या रुग्णांसाठी तयार मिळणारी, कॅलरी भरपूर, पोटॅशियम-फॉस्फरस कमी. कागदावर नामी. डब्याची किंमत वडिलांच्या चार दिवसांच्या पगाराएवढी आणि सोन्याने दुसऱ्या दिवशी पेला खिडकीतून बाहेर ओतला. गाईच्या वासराने चाटला, असं आजी म्हणाल्या.

दुसरा प्रयोग साबुदाण्याची खीर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पोटॅशियम दहा-अकरा मिलिग्रॅम, फॉस्फरस त्याहून कमी. ह्याच्या जागी शेंगदाणे घ्या: पोटॅशियम पावणेसातशे, फॉस्फरस चारशेच्या आसपास. म्हणून किडनीच्या मुलाला साबुदाण्याची खिचडी चालते की नाही ह्या प्रश्नाचं उत्तर साबुदाण्यात नसून कुटात असतं. मी कूट काढून, साखर-तूप घालून खीर सुचवली. सोन्या म्हणाला, "डिंक हाय." विषय संपला.

तिसरा प्रयोग माझा लाडका होता आणि तोच सगळ्यात वाईट पडला. बटाटा. बारीक फोडी करून भरपूर पाण्यात उकळायच्या, पाणी फेकायचं, नव्या पाण्यात पुन्हा उकळायच्या. नुसतं भिजत ठेवून फारसं काही निघत नाही. उकळून पाणी फेकलं तर निम्म्याहून जास्त पोटॅशियम जातं. अशा बटाट्याची टिक्की. पण पोटॅशियमबरोबर चवही गटारात जाते. आई बिचारी रॉकेल जपून वापरणारी बाई, दोनदा उकळण्यात तिचं अर्ध्या तासाचं इंधन जायचं. तिने दोनदा केलं आणि तिसऱ्यांदा खोटं सांगितलं की केलं. मला ते खोटं आवडलं, कारण माझा सल्ला परवडत नव्हता हे त्यातून कळलं.

मग मी सल्ले देणं थांबवलं आणि सोन्यालाच विचारलं, की पुडीत काय आवडतं. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "कुडुम वाजतंय."

कुडुम

चव म्हणून आम्ही आहारतज्ज्ञ गोड-आंबट-खारट मोजत बसतो. ह्या पोराला आवाज हवा होता. आईला मी विचारलं, घरात वाजणारं काय काय होतं? ती म्हणाली, "सुशीला करते मी चुरमुऱ्याची, पण ती मऊ असते. शेंगदाणे वाजतेत तिच्यात. ते तर तुम्ही काढले."

लातूर-नांदेडकडे सुशीला माहीत नाही असं घर नाही. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे, तेलात मोहरी-जिरं-हिरवी मिरची-कांदा-हळद, वरून लिंबू. चुरमुरा तांदळाचा, तांदूळ ह्या बाबतीत गरीब: राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात शंभर ग्रॅम तांदळात पोटॅशियम १०८ मिलिग्रॅम, ज्वारीत त्याच्या तिप्पट. शेंगदाण्याच्या जागी वाजणारं काहीतरी मिळालं की झालं.

ते आजींच्या डब्यात निघालं. उपवासाच्या चिवड्याचा नायलॉन साबुदाणा. सोन्याच्या आईने माझ्यासमोर, आमच्या विभागाच्या छोट्या शेगडीवर तो तळून दाखवला. तेल खूप तापलं तर बाहेरून लाल, आतून खडा. कमी तापलं तर तेल पितो आणि फुलत नाही. ती एक दाणा टाकून बघायची. दाणा तळाला जाऊन क्षणभर थांबला आणि पांढरा होऊन वर आला की मूठभर टाकायची, झारा सतत फिरवत. मग बाहेर काढून दाताखाली एक दाबायची, आवाज ऐकायची आणि मान हलवायची. सुशीला ताटात वाढल्यावर अगदी शेवटी हे दाणे वरून, नाहीतर ओलाव्याने दोन मिनिटांत बसतात. म्हणून शाळेच्या डब्यात ते वेगळ्या कागदाच्या पुरचुंडीत गेले आणि तिथे सोन्या स्वतः ओततो. तीस ग्रॅम चुरमुरे, दोन चमचे तेल, दहा ग्रॅम तळलेला साबुदाणा: अडीचशे कॅलरी. मीठ आपल्या हातात. तेल कमी करा असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. इथे आई हात आखडायची आणि मी म्हणायची, ताई, आणखी अर्धा चमचा.

दुसरा पदार्थ नानकटाई. औशाच्या भट्टीवर दिवाळीआधी लोक आपापलं पीठ-तूप-साखर घेऊन जातात आणि भट्टीवाला भाजून देतो. मैद्याला आम्ही एरवी नावं ठेवतो, पण कोंडा काढलेला असल्याने त्यात पोटॅशियम-फॉस्फरस कमी. एकच अट घातली: बेकिंग पावडर नको, थोडा खाण्याचा सोडा. बऱ्याच बेकिंग पावडरींत फॉस्फेटचे क्षार असतात, आणि असा मिसळलेला फॉस्फेट जवळजवळ सगळाच्या सगळा रक्तात जातो. धान्या-डाळीतला फॉस्फरस तसा नसतो. तो बांधलेला असतो, बराचसा पोटातून तसाच निघून जातो. ह्याच कारणाने मी सोन्याची अर्धी भाकरी तोडली नाही आणि पुडीतला फॉस्फेट मात्र धरून बसले. पुडीवर सोडियमचा आकडा छापलेला असतो. पोटॅशियम-फॉस्फरसचा छापणं बंधनकारक नाही. घटकांत ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे क्रमांक दिसले तर ते फॉस्फेट. वडिलांनी हे आकडे दुकानातल्या वजनकाट्याला चिकटवले आहेत.

फॉस्फरस बांधणाऱ्या कॅल्शियमच्या गोळीचाही घोळ इथेच उघड झाला. आई ती सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी, 'औषध म्हणून' देत होती. ती गोळी खाण्यातला फॉस्फरस पकडते. पोटात खाणं नसेल तर पकडणार काय? जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर चावून, असं ठरलं. लोहाची गोळी तिच्यापासून लांब, रात्री. नाहीतर कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही.

येळवस

डिसेंबरात वजन सोळा किलोवर गेलं होतं आणि मी खूश होते. मग येळवस आली.

लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्या म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. शहरं ओस पडतात, सगळं गाव रानात. कोपीत पूजा, आणि जेवायला भज्जी, आंबील, उंडे, खीर. भज्जीत ओला हरभरा, तूर, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, पात, चिंच, त्या दिवशी रानात जे असेल ते सगळं. वर्षातला एकच दिवस आणि तो पोटॅशियमने ओथंबलेला. सोन्या रानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत होता, दोन वाट्या भज्जी, हिरवे हरभरे सोलून सोलून, बोरं. त्याला कुणी अडवलं नाही, आणि का अडवावं? मी दिलेल्या कागदात चहा-नाश्ता-जेवण सगळं होतं, येळवस नव्हती. मी स्वतः लातूरची. माझ्या घरी त्या दिवशी भज्जीचं पातेलं उतरत होतं आणि मला सोन्या आठवला नाही. ही चूक आईची नाही, माझी.

तिसऱ्या दिवशी पाय गळाले म्हणून आणलं. पोटॅशियम ६.३. ईसीजी सुदैवाने ठीक निघाला, औषधांनी दोन दिवसांत उतरलं. पण दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तर उशाशी दोन शहाळी. मामा उदगीरहून घेऊन आले होते, पेशंटला बघायला मोकळ्या हाताने कसं यायचं. एका शहाळ्यात सहज सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम; सोन्याचा सबंध दिवसाचा हिशेब आम्ही सात-आठशेत बसवत होतो. मी मामांना म्हटलं, "दादा, हे तुम्ही प्या, उन्हातून आलात." एक त्यांनी प्यायलं, दुसरं मी.

त्यानंतर मी कागद फेकून वर्षाचं कॅलेंडर घेतलं आणि आजींना शेजारी बसवलं. कोणत्या सणाला काय, कुणाच्या रानात, कोण काय आणतं. संक्रांतीचा तिळगूळ: गुळात पोटॅशियम, साखरेत नाही, म्हणून सोन्याला हलवा. महाशिवरात्र-एकादशीला रताळं नको, भगर चालेल, कूट नको. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारं केळं: त्याचा अर्धा दिवसाचा कोटा एका फळात. बाईंनी सुचवलं की त्याने ते शेजारच्याला द्यावं आणि बदल्यात त्याच्याकडून काहीतरी घ्यावं, नुसतं काढून घेतल्यासारखं नको. सध्या भाव एका केळ्याला दोन गोट्या आहे. बाईंशी बोलताना दुसरंही निघालं: तासाला सारखी लघवीला सुट्टी मागतो म्हणून पोरगा मधल्या सुट्टीपर्यंत पाणीच पीत नव्हता. वाया जाणाऱ्या मिठा-पाण्याचं लेकरू आणि मराठवाड्याचा एप्रिल. हे आधी कळलं नसतं तर उन्हाळ्यात पुन्हा भरती ठरलेली होती.

चीक

कॅलेंडर लिहिताना चैत्राशी आलो तेव्हा आजी म्हणाल्या, "अन् कुरडया?"

मी सवयीने "वाळवण बंद" म्हणणार होते. पापडात खार, मीठ, उडीद. पण कुरडई? मी त्यांना सांगितलं, कशा करता ते पहिल्यापासून सांगा. "गहू तीन दिस भिजवायचा. रोज पाणी बदलायचं, वास येतो न्हाई तर. चवथ्या दिशी वाटायचा, पिळून पिळून चोथा म्हशीला. चीक रातभर ठिवायचा, वरचं पाणी सकाळी टाकून द्यायचं."

मी लिहीत होते आणि हसू येत होतं. पोटॅशियम पाण्यात विरघळतं; तीन दिवस रोज बदललेलं पाणी, वर निवळलेलं पाणी, सगळं गटारात. खनिजं जास्त असतात कोंड्यात आणि अंकुरात, ते म्हशीला. उरतं ते गव्हाचं पिष्ट. बटाट्यासाठी मी जे इंधन जाळून करायला सांगत होते ते आजी दर चैत्रात बिनइंधनाचं करत होत्या. घरचा चीक कारखान्यातल्या पिष्टाइतका निखळ नसतो, थोडं प्रथिन राहतं, म्हणून मोजताना मी हात राखूनच मोजलं. एकच गोष्ट बदलायला लावली: कुरडई पांढरीशुभ्र व्हावी म्हणून आजी भिजवणाच्या पाण्यात तुरटीचा खडा फिरवायच्या. तुरटीत अॅल्युमिनियम असतं, अधू किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, ते हाडांत साठतं. "मग पिवळट हुतील," आजी म्हणाल्या. झाल्या पिवळट.

गरम चीक शिजला की वाटीत घेऊन त्यात दोन चमचे तूप, तीन चमचे साखर: पावणेतीनशे-तीनशे कॅलरी, चघळावं लागत नाही, मळमळीतही उतरतो. बाजेवर कुरडया घालताना सोन्याने दोन वाट्या खाल्ल्या. तळलेली कुरडई तर कुडुम वाजतेच. तीच हाताने चुरून, वर तिखट, आमचूर टाळून लिंबाचं फूल कणभर, पिठीसाखर, मीठ. नेफ्रॉटिकच्या त्या मुलीसाठी आजींनी वेगळ्या, बिनमिठाच्या दोन ताटं कुरडया घातल्या, न सांगता.

तरी शाळेत तो डबा परत यायचा. घरी खायचा, शाळेत नाही. दोन आठवडे आम्हाला कारण कळेना. शेवटी वडिलांनी ओळखलं. बाकीची पोरं पुडी दाताने फाडतात, हवा 'फस्स' करून बाहेर येते, मग हात घालतात. ह्याच्याकडे स्टीलचा डबा. वडिलांनी दुकानातून सुट्या मालाच्या छोट्या प्लास्टिक पिशव्या आणल्या, चुरलेली कुरडई आणि तळलेला साबुदाणा भरला, तोंड दुमडून पट्टीत धरलं आणि मेणबत्तीवर चिकटवलं. थोडी हवा ठेवून. पहिल्या दिवशी सोन्याने ती दप्तरात नेली आणि रिकामी परत आणली, दाताने फाडलेली.

सव्वा वर्षात वजन १८.१ किलो, उंची ११३ सेंटिमीटर. क्रिएटिनिन १.८, सूत्रात घातलं तर २६. किडनी बरी झालेली नाही, होणारही नव्हती. पुढे कधीतरी बदलावी लागेल आणि तेव्हा तो अंगाने जितका भरलेला असेल तितकं बरं. पोटॅशियम पाचच्या आसपास टिकून आहे, दुसऱ्या येळवशीनंतर ५.३ होतं. भज्जीचे दोन चमचे आणि बाकी स्वतःची सुशीला असं ठरलं होतं. तिसरा चमचा त्याने चोरला असं आजींनी मला फोनवर सांगितलं. फॉस्फरस ५.७, मला अजून थोडा खाली हवा आहे. चीक आता त्याला नकोसा झालाय, नानकटाईवर आठवड्याला मन बदलतं.

गेल्या खेपेला वडील म्हणाले, वर्गातली पोरं पुडी मागायला लागलीत, रोज एक नेली तर ह्याच्या वाट्याला अर्धीच राहते. आता दोन देतात. त्यामुळे कुरडया दिवाळीलाच संपल्या, आणि ह्या चैत्रात आजींनी दहा किलो गहू भिजवायला काढलाय.